कात्रजच्या नळाचा प्रश्न आणि पीएचडीची फेलोशिप : एका अर्जाचे प्रकरण

इतिहासात एम.ए. केलेली, नेट (सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा) झालेली, पण जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) न मिळालेली एक मुलगी. वय एकतीस. गाव सोलापूर जिल्ह्यातले, राहायला पुण्यात नारायण पेठेत, कॉट बेसिसवर. दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन सत्र संपल्यावर हातात पडते, कधी त्याहूनही उशिरा. पीएचडीची नोंदणी झाली आहे, कोर्सवर्क पूर्ण आहे, गाइड चांगले आहेत. अडचण वेळेची आहे. जुने कागद पाहायचे तर दप्तरखाना उघडा असतो सरकारी वेळेत, आणि नेमक्या त्याच वेळेत तिचे तास असतात. फेलोशिप मिळाली तर तास सोडता येतील. नाही मिळाली तर सहा वर्षांच्या मुदतीत प्रबंध पुरा होणे कठीण.

तिच्या फेलोशिपच्या अर्जाची ही हकिकत तिच्या संमतीने लिहिते आहे. ती ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. मी तिची गाइड नाही. निवृत्तीनंतर इतिहास आणि मराठीच्या संशोधक मुलामुलींचे आराखडे वाचून देते, त्यांतलाच हा एक. हे प्रकरण निवडले याला कारण आहे. व्यक्ती तीच, गाइड तेच, साधनेही बहुतेक तीच. अर्ज एकदा नाकारला गेला आणि पुढच्या खेपेला मंजूर झाला. मधल्या काळात काय बदलले ते त्यामुळे बोट ठेवून दाखवता येते.

पैसा कोणत्या वाटेने येतो

आपल्याकडे मानव्यविद्यांच्या संशोधकाला सगळ्यांत मोठा आधार यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जेआरएफचा. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. मानव्यविद्यांसाठी कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये. एकूण पाच वर्षे. एवढ्यात पुण्यात नीट राहून पूर्ण वेळ संशोधन करता येते.

पण ही फेलोशिप मिळते कशावर? दीडशे वस्तुनिष्ठ प्रश्न, तीनशे गुण, तीन तास. तुमचा विषय काय, कोणते कागद वाचणार, त्यातून कोणता प्रश्न सोडवणार, हे त्या परीक्षेत कोणी विचारत नाही. विद्यापीठात प्रवेशाच्या वेळी आराखडा पाहिला जातो, तोही मुख्यतः विषय मंजूर करण्यापुरता. परिणाम असा की आपली बहुसंख्य मुले पैशासाठी आराखडा लिहायला शिकतच नाहीत. ज्यांना जेआरएफ मिळते त्यांना तशी गरज पडत नाही. ज्यांची ती थोडक्या गुणांनी हुकते त्यांच्यासमोर एके दिवशी अचानक असा अर्ज येतो, ज्यात अनोळखी तज्ज्ञांना दोन-अडीच हजार शब्दांत पटवायचे असते. या मुलीचे तेच झाले. तिला सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळाली, जेआरएफ नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती पुष्कळ मुलींना ठाऊक नसते. जेआरएफसाठी वयाची अट सर्वसाधारण उमेदवाराला तीस वर्षांची आहे, पण महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. तीस उलटल्यावर आपला मार्ग बंद झाला असे समजून या मुलीने नेटचा फॉर्म भरणे सोडूनच दिले होते. ‘अगं, तुला पस्तिशीपर्यंत बसता येतं’ हे ऐकल्यावर तिने पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा थोडक्यात हुकली, पण फॉर्म भरलाच नसता तर तेही कळले नसते.

दुसरी वाट राज्य सरकारच्या संस्थांची. पुण्यातच अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहेत. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरला महाज्योती. या संस्थांच्या फेलोशिपमुळे घरातून पहिल्यांदाच पीएचडीपर्यंत पोचलेली हजारो मुले महाराष्ट्रात उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२४ मध्ये पूर्ण दराने फेलोशिप मिळावी म्हणून याच मुलांना आंदोलने करावी लागली, हेही विसरता येत नाही. या योजनांच्या जाहिरातीत एक ओळ जपून वाचावी लागते: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पीएचडीची नोंदणी झालेले उमेदवार पात्र. आमच्या मुलीची नोंदणी त्या वर्षीच्या तारखांत बसत नव्हती. तो विषय तिथेच संपला.

उरल्या दिल्लीच्या परिषदा. इतिहासासाठी आयसीएचआर, समाजविज्ञानांसाठी आयसीएसएसआर, तत्त्वज्ञानासाठी आयसीपीआर. आयसीएचआरची ज्युनिअर फेलोशिप बरीच वर्षे महिना १७,६०० रुपयांची होती. जेआरएफच्या निम्म्याहूनही कमी. पण फरक असा की इथे आराखडा वाचला जातो, आणि त्यावरच निर्णय अवलंबून असतो. तिने अशा दोन ठिकाणी अर्ज केले. कुठे, ते मी लिहीत नाही. तिचीही तशीच इच्छा आहे.

पहिला अर्ज

पहिल्या अर्जातल्या विषयाचे शीर्षक होते ‘पेशवेकालीन पुण्याचे सामाजिक व सांस्कृतिक जीवन : एक चिकित्सक अभ्यास’. नोंदणीच्या वेळी विद्यापीठाने मंजूर केलेलेच हे शीर्षक. खाली उद्दिष्टे दिली होती आणि प्रत्येकाचा शेवट ‘अभ्यास करणे’ असा: पेठांच्या वाढीचा अभ्यास करणे, सण-उत्सवांचा अभ्यास करणे, स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणे, पाणीपुरवठ्याचा अभ्यास करणे. गृहीतक असे की ‘पेशवेकाळात पुणे शहराचा सर्वांगीण विकास झाला’. पद्धतीखाली ‘ऐतिहासिक, वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल’. साधनांखाली एक ओळ: ‘पेशवे दप्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, जयकर ग्रंथालय इत्यादी’.

हा अर्ज वाईट नव्हता, असे मी मुद्दाम म्हणते. आपल्या विद्यापीठांत मंजूर होणारे बहुतेक आराखडे असेच असतात आणि त्यांतले काही प्रबंध पुढे उत्तम होतात, कारण विषय कामाच्या ओघात आपोआप नेमका होत जातो. पण पैसे देणाऱ्या समितीसमोर ते ‘पुढे’ नसते. तिच्या हातात फक्त कागद असतो. त्या कागदावरून उमेदवार पुणेकर आहे, तिला विषय आवडतो आणि ती मेहनत करील, एवढेच कळत होते. शंभरातल्या नव्वद उमेदवारांबद्दल तेवढे कळतेच.

उत्तर आले ते एका ओळीचे, निवड न झाल्याचे. कारण नाही. हे मला मनापासून खटकते. समितीने अर्ज वाचलेला असतो, सदस्यांनी शेरे लिहिलेले असतात. त्यांतल्या दोन ओळी उमेदवाराला कळवल्या तर पुढचा अर्ज सुधारेल आणि समितीचेही वाचन हलके होईल. ज्या मुलीने कागदपत्रांसाठी सेतू केंद्रापासून कुलसचिवांच्या कार्यालयापर्यंत चकरा मारल्या, तिला निदान एवढे मिळायला हवे. तिने ते पत्र मला दाखवले तेव्हा तिचा निष्कर्ष असा होता की विषय जुना आहे, म्हणून ‘डिजिटल’ किंवा ‘पर्यावरण’ असे काहीतरी घालावे. मी म्हटले, शीर्षक राहू दे बाजूला. या सगळ्यांत तुला स्वतःला काय कळत नाही ते सांग.

ती हौदांबद्दल बोलायला लागली.

प्रश्न सापडला तो इथे

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. पंप नाही, काही नाही. उताराच्या जोरावर पाणी वाहायचे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळाला हवा मिळण्यासाठीची उभी तोंडे, बांधलेले होते. शहरात आल्यावर हे पाणी हौदांत उतरायचे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुण्यात आजही पत्ता सांगताना येतात, हौद दिसो वा न दिसो.

तिने एम.ए.च्या वेळी हा नळ जिथून जातो त्या वस्त्या पायी पाहिल्या होत्या. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता आणि सरावासाठी जमाखर्चाचे कागद वाचत होती. त्यांत नळाच्या आणि हौदाच्या दुरुस्तीच्या नोंदी तिला भेटल्या. ‘मॅडम, खर्च कोणी केला ते कळतं. गवंडी किती, चुना किती लागला ते कळतं. पण हौदावर पाणी कोण भरत होतं ते कुठेच येत नाही.’ आणि मग तिने स्वतःच पुढचे टोक पकडले: १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही घटना आपण सगळे सांगतो. पण खासगी हौद खुला करण्याची वेळ आली म्हणजे सार्वजनिक हौदांवर काय नियम होता? तो नियम कोणी घातला, कोणी राखला? नळाची देखभाल सरकारी, पण हौदावरचा वावर कोणाच्या ताब्यात?

हा प्रश्न पहिल्या अर्जात कुठेच नव्हता. ‘पाणीपुरवठ्याचा अभ्यास करणे’ या उद्दिष्टात तो दबून गेला होता. इतके दिवस तो तिच्याजवळ होता, पण तो अर्जात लिहायचा असतो असे तिला कोणी सांगितले नव्हते.

इथून नव्या अर्जाचे काम सुरू झाले. विषयाची चौकट कमी केली: कात्रजच्या नळाची आणि हौदांची देखभाल, आणि त्या पाण्यावरचा हक्क, १७५० च्या सुमारापासून खडकवासल्याच्या धरणाचे पाणी येईपर्यंत, म्हणजे १८७९-८० पर्यंत. मधे १८१८ येते. राज्य बदलते, दप्तर बदलते, कागदाची भाषा आणि लिपी बदलते, आणि हौद मात्र तिथेच राहतात. हौदाची जबाबदारी एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे कशी गेली, हा प्रबंधाचा कणा. विद्यापीठाच्या नियमांनुसार नोंदणीच्या विषयात असा नेमकेपणा आणायला संशोधन समितीची मान्यता लागते. गाइडनी तो प्रस्ताव लगेच पुढे पाठवला, त्यांचे त्यासाठी कौतुक करायला हवे. बरेच गाइड ‘आता कशाला बदल’ म्हणून थांबवतात.

साधने काय सांगत नाहीत ते लिहिणे

दुसऱ्या अर्जातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून इथे जरा रेंगाळते.

साधनांच्या एका ओळीची जवळजवळ दोन पाने झाली. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधलेले आहेत आणि बहुतांश मोडीत आहेत. कोणत्या प्रकारच्या कागदांत नळाच्या नोंदी येण्याची शक्यता आहे, त्यांतले आपण नमुन्यादाखल कोणते पाहिले, मोडी वाचण्याचा आपला वेग साधारण किती आहे, म्हणजे वर्षभरात किती मजकूर होईल, हे तिने लिहिले. १८१८ नंतरच्या इंग्रजी कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, जावे लागेल हे लिहिले. नगरपालिका स्थापन झाल्यावरचे कागद कोणते आणि ते कुठे असण्याची शक्यता आहे, तेही.

मग एक नमुना जोडला. दुरुस्तीच्या खर्चाच्या एका नोंदीचे देवनागरी लिप्यंतर, चार-पाच ओळींचे, आणि खाली दोन परिच्छेद. पहिल्यात: या नोंदीतून मजुरी, साहित्य, काम कोणत्या महिन्यात निघाले आणि खर्च कोणत्या खात्यावर पडला हे कळते. काम पावसाळ्याच्या आधी काढले आहे, यावरून देखभालीला काही ठराविक चक्र होते का, हे अशा नोंदी ओळीने लावल्यावर तपासता येईल. दुसऱ्या परिच्छेदात तिने लिहिले, आणि हे वाक्य मी तिच्या परवानगीने जसेच्या तसे देते: ‘या नोंदी हौदावर पाणी कोण भरत होते हे सांगत नाहीत. त्यासाठी तंटे, तक्रारी आणि निवाडे पाहावे लागतील. ते पुरेसे न मिळाल्यास पेशवेकाळापुरता प्रबंध देखभालीच्या व्यवस्थेवर राहील आणि हक्काचा प्रश्न १८१८ नंतरच्या कागदांवर तपासला जाईल.’

हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. तिचे म्हणणे, आपणच आपली कमजोरी कशाला दाखवायची? तिच्या गाइडनाही आधी तसेच वाटले. माझे मत ठाम होते आणि आजही आहे. समितीत बसलेला इतिहासकार आयुष्यभर दप्तरांत बसलेला असतो. जमाखर्चाच्या कागदातून जातीचा वावर सरळ दिसत नाही हे त्याला तुमच्याआधी माहीत असते. तो अर्जात हेच शोधत असतो की उमेदवाराला ते माहीत आहे का. ज्याने कागद प्रत्यक्ष हाताळले आहेत त्यालाच कागदाचे मौन कुठे सुरू होते ते कळते, आणि ते लिहून दाखवणे यापेक्षा तयारीचा मोठा पुरावा दुसरा नाही. शिवाय ‘न मिळाल्यास’ पुढचे वाक्य वाचून पैसे देणाऱ्याला खात्री पटते की एक वाट बंद झाली तरी प्रबंध अडून पडणार नाही.

पूर्वीच्या संशोधनाचा भागही असाच बदलला. आधी तिथे पुस्तकांची यादी होती. आता तीन परिच्छेद: कात्रजच्या नळाच्या बांधकामावर काय लिहिले गेले आहे, पुण्याच्या पेठांच्या वाढीवर काय, आणि जात व पाण्याच्या इतिहासावर काय. हे तिन्ही प्रवाह एकमेकांशी बोलत नाहीत, ते मला जोडायचे आहेत, एवढेच तिचे म्हणणे. ‘या विषयावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही’ हे वाक्य काढून टाकले. ते वाक्य लिहिणाऱ्याने पुरेसे वाचलेले नाही असाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो.

आधी सगळे मराठीत लिहिले आणि पक्के झाल्यावर मागितलेल्या भाषेत नेले. पहिला अर्ज तिने थेट इंग्रजीत लिहिला होता, आणि जिथे विचार अडला तिथे मोठे शब्द येऊन बसले होते.

ब्रिटनच्या फॉर्मचा उपयोग

पहिल्या नकारानंतर कोणीतरी तिला परदेशाचे सुचवले, म्हणून तिने ब्रिटनमधल्या कला आणि मानव्यविद्या संशोधन परिषदेच्या पैशांतून होणाऱ्या पीएचडीची माहिती काढली. तिथले गणित वेगळे आहे. २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही ही पूर्ण मदत मिळू शकते, पण एकूण जागांपैकी जास्तीत जास्त तीस टक्के. परिषद शुल्क स्थानिक दरानेच देते आणि उरलेला फरक विद्यार्थ्याकडून घेता येत नाही, तो विद्यापीठाला सोसावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात जागा थोड्या. २०२५-२६ साठी किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड होते. तिथे अर्ज करण्याआधी संभाव्य मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार होतो, मसुद्यावर चर्चा होते आणि विभागाचा पाठिंबा घेऊनच अर्ज पुढे जातो.

तिने तिथे अर्ज केला नाही. तिचे निम्म्याहून अधिक कागद पुण्यात, घरी आई एकटी, आणि मोडीचे दप्तर सोडून तिकडे जाण्यात तिला अर्थ वाटला नाही. मला तो निर्णय योग्य वाटला. पण त्या फॉर्ममध्ये काही प्रश्न असतात: हे काम याच विभागात का, याच मार्गदर्शकाकडे का, त्यासाठी तुमची आजवरची तयारी काय, कोणते प्रशिक्षण अजून हवे. आपल्या अर्जांत हे रकाने नसतात. तिने उत्तरे लिहून काढली आणि ती आराखड्यात मुरवली. गाइडचे काम वसाहतकालीन महसुलावर आहे, म्हणून १८१८ नंतरच्या भागाला त्यांचा हात लागेल. मोडीसाठी मात्र मंडळातल्या जाणकारांकडे जावे लागेल. हे तिने स्पष्ट लिहिले. गाइडच्या शिफारसपत्रातही मग तेच आले. आधीच्या पत्रात ती ‘मेहनती, होतकरू व सुस्वभावी’ होती. नव्या पत्रात तिने कोणत्या प्रकारचे कागद वाचले आहेत आणि कोर्सवर्कच्या काळात काय सादर केले ते होते.

हिशेब आणि कागदपत्रे

पहिल्या अर्जाचे अंदाजपत्रक: प्रवास ५०,०००, पुस्तके ३०,०००, इतर २०,०००. गोल आकडे पाहिले की समितीला कळते की हिशेब केलेला नाही. नव्यात मुंबईच्या फेऱ्या एका हंगामात एकत्र बांधल्या, राहायला डोंबिवलीला मावशीकडे, म्हणून निवासखर्च शून्य आणि लोकलचा पास. कागदांच्या प्रतींचा खर्च पुराभिलेखागाराच्या दरपत्रकावरून काढला. पुस्तकांची रक्कम खाली आली, कारण बहुतेक पुस्तके जयकर ग्रंथालयात आणि पुणे नगर वाचन मंदिरात मिळतात हे तिने तपासले होते. एकूण मागणी घटली, त्याने काही बिघडले नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. नोंदणीचे पत्र, संशोधन केंद्राचे ना हरकत, केंद्रामार्फत पाठवल्याचे पत्र, दुसरीकडून कोणतीही फेलोशिप घेत नसल्याचे हमीपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. शेवटच्याची मुदत संपते आणि ती नेमकी अर्जाच्या आठवड्यातच लक्षात येते. केंद्रप्रमुख रजेवर असले तर सही कोणाची चालते हे आधी विचारून ठेवावे.

मुलाखत

ऑनलाइन झाली. तिने नोंदवून ठेवलेले प्रश्न तिच्याच शब्दांत सांगते.

पहिला प्रश्न अपेक्षित होता. गोविंद सखाराम सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद पंचेचाळीस खंडांत छापले आहेत, मग तुम्ही नवे काय पाहणार? तिने सांगितले की त्या निवडीचा भर राजकीय पत्रव्यवहारावर होता. काही खंडांत सामाजिक आणि आर्थिक कागद आहेत, ते तिने पाहिले आहेत, पण शहराच्या रोजच्या जमाखर्चाला त्यात फारशी जागा नाही आणि तिचे काम त्या न छापलेल्या जमाखर्चावर आहे.

दुसरा प्रश्न बोचरा होता. जातीचा निष्कर्ष तुम्ही आधीच ठरवून आला आहात का? इथे त्या ‘न मिळाल्यास’च्या वाक्याने तिला तारले. तिने अर्जाचे पान सांगून ते वाक्य वाचून दाखवले आणि म्हणाली, ‘सर, पुरावा मिळाला नाही तर मी तो दावा करणार नाही, हे मी आधीच लिहून दिलं आहे.’ त्यावर एका सदस्यांनी तिला विचारले की निवाड्यांखेरीज आणखी कुठे बघाल. ती म्हणाली, दानपत्रे आणि हौद बांधून देणाऱ्यांच्या नोंदी, कारण कोणासाठी बांधला हे तिथे लिहिलेले असू शकते. हे अर्जात नव्हते; त्या क्षणी सुचले. सदस्यांनी ते टिपून घेतल्याचे तिला पडद्यावर दिसले.

तिसरा प्रश्न साधा: दोन वर्षांनी फेलोशिप संपल्यावर काय? तोवर पेशवेकाळाची दोन प्रकरणे लिहून होतील आणि मुंबईचे वाचन संपलेले असेल. उरलेले लेखन तास घेत घेत करता येते, दप्तराचे काम करता येत नाही. तिचे उत्तर तिच्या दिनक्रमातूनच आले होते, म्हणून ते पटण्यासारखे होते.

मंजुरीनंतर

निवड झाली. पण मंजुरीचे पत्र आणि पहिला हप्ता यांत बरेच महिने गेले. रुजू तारखेपासून तास सोडणे बंधनकारक होते, म्हणजे पगारही बंद आणि फेलोशिपही नाही. हा काळ कसा काढायचा, याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत नसते. तिच्या आईने गावातल्या बचत गटातून कर्ज काढून दिले, ते पुढे थकबाकी आल्यावर फेडले. ज्या घरात असा गट नाही, आई नाही, तिथली मुलगी याच टप्प्यावर गळते. फेलोशिपची रक्कम वाढवण्याची मागणी होते ती रास्तच आहे. पहिला हप्ता रुजू झाल्याच्या महिन्यातच मिळावा ही मागणी तितक्याच जोराने व्हायला हवी. वर्षाच्या शेवटी एकरकमी मिळालेले पैसे आधीच्या महिन्यांचे खोलीभाडे भरू शकत नाहीत.

आता ती आठवड्याचे पाच दिवस दप्तरात असते. पहिल्या सहामाही अहवालात तिला लिहावे लागले की हौदावरच्या तंट्यांचे कागद अपेक्षेपेक्षा फार कमी सापडले आहेत. अर्जात आधीच पर्याय लिहिलेला असल्यामुळे वेगळी मान्यता घ्यावी लागली नाही. समितीने अहवाल स्वीकारला आणि १८१८ नंतरच्या कागदांकडे लवकर वळायला सांगितले. दानपत्रांतून मात्र थोडे हाती लागते आहे, ते ती पुढच्या अहवालात मांडणार आहे. दरम्यान तिच्या केंद्रातल्या दोघांनी अर्जाचा नमुना मागितला. तिने नाकारला गेलेला आणि मंजूर झालेला, दोन्ही अर्ज एकत्र दिले आणि दोन्हींतला साधनांचा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितले.